मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला डेस्कटॉप घ्यायला जाताय? आधी हे बघा

दुकानदार नुसतं "आय फाईव्ह आहे साहेब" (म्हणजे इंटेलचा प्रोसेसर) म्हणाला की खुश होऊ नका, कितवी जनरेशन ते विचारा, कारण सेकंड हँडमध्ये चौथी-सहावी सर्रास खपवतात आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी किंवा त्यापुढचीच लागते, विंडोज १० चा रेग्युलर सपोर्ट तर ऑक्टोबर २०२५ लाच संपला. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल, जसं १२४००एफ, तर त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड टाकल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही, त्यामुळे स्वस्त दिसला म्हणून उचलू नका. टॅली, मुलांचा अभ्यास, यूट्यूब एवढंच असेल तर कार्ड हवंय कशाला, ते पैसे एसएसडीत (हार्डडिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) घाला. ५१२ जीबी एनव्हीएमई (एसएसडीचाच वेगवान प्रकार) घ्याच, जुन्या हार्डडिस्कवर विंडोज टाकणं म्हणजे विरार फास्टला बैल जुंपणं. रॅम १६ जीबी, जमलं तर ८-८ च्या दोन स्टिक. आणि एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय! कॅबिनेटसोबत फुकट येतो तो अजिबात नको, चांगल्या कंपनीचा ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग) वाला घ्या. जीएसटी बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात.