मॉडेलिंग गिटार आणि कोकणची हवा: या चुका टाळा

मॉडेलिंग गिटारचा, म्हणजे आतल्या प्रोसेसरने वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज काढणाऱ्या गिटारचा, आवाज बिघडला की बहुतेक वादक आधी लॅपटॉप उघडतात. सॉफ्टवेअर चाळतात, सेटिंग पुन्हा मूळपदावर आणतात, फर्मवेअर (गिटारच्या आतलं सॉफ्टवेअर) नव्याने घालतात. दोष मात्र बहुतेक वेळा तारेत, सॅडलमध्ये (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा), केबलमध्ये नाहीतर बॅटरीत असतो. म्हणून शोध घ्यायचा तो या क्रमाने: तार, वीज, जोडणी आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर.

यामागचं कारण या वाद्याच्या रचनेतच आहे. लाइन ६ कंपनीने २००२ मध्ये व्हेरिअ‍ॅक्स बाजारात आणली. तिच्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली स्वतंत्र पिझो सेन्सर, म्हणजे तारेचं कंपन थेट विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तुकडा, असतो. सहा तारांचे सहा वेगळे सिग्नल आतल्या प्रोसेसरकडे जातात आणि त्यांतून तो अकूस्टिक, बारा तारांची गिटार, बँजो, इलेक्ट्रिक सितार असे आवाज घडवतो. अशा प्रत्येक आवाजाला मॉडेल म्हणतात. प्रत्येक तारेचा सूरही तो वेगळा वरखाली करू शकतो. पण त्याच्याकडे कच्चा माल म्हणून येते ती तुमची तारच. गंजलेली तार दिलीत, तर गंजलेलीच बारा तारांची गिटार ऐकू येणार.

पेटीशी न जुळवता व्हर्च्युअल ट्यूनिंगवर विसंबणं

कोकणात या गिटारचा खरा उपयोग होतो तो गणपतीच्या दिवसांत. चाकरमानी गावी आलेले असतात, रोज कुठल्या ना कुठल्या घरी भजन असतं, आणि बुवा काळी एकमध्ये गाता गाता पुढचा अभंग काळी दोनमध्ये उचलतात. अशा वेळी व्हर्च्युअल कॅपो, म्हणजे तारा न छेडता प्रोसेसरनेच सगळ्या तारांचा सूर वर सरकवणं, हे वरदान आहे. हात सीच्या कॉर्डवर, आवाज सी शार्पचा.

गडबड होते ती पुढे. व्हर्च्युअल ट्यूनिंग तार ‘बरोबर’ करत नाही. तार जिथे लागली आहे तिथून ठरावीक अंतरावर सूर सरकवतं, एवढंच. मूळ तार थोडी उतरलेली असेल, तर सरकवलेला सूरही तेवढाच उतरलेला येतो. म्हणून आधी ट्यूनिंगचं बटण स्टँडर्डवर आणा, खऱ्या तारा नीट लावा, आणि मगच कॅपो किंवा ड्रॉप डी (सगळ्यात जाड तार डीपर्यंत उतरवलेली) निवडा.

दुसरी गोष्ट, भजनात मालक पेटी असते. पेटी जागच्या जागी जुळवता येत नाही, आणि गावातली प्रत्येक पेटी ए ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही. पेटीचा ए धरून ठेवायला सांगा, ट्यूनरमध्ये तो वाचा आणि ट्यूनरचा आधारसूर तिथेच ठेवा, मग तो ४४२ असो की ४३८. खऱ्या तारा त्या आधाराने लावल्या की सगळी व्हर्च्युअल ट्यूनिंग आपोआप पेटीच्या सुरात येतात. पेटीकडे दुर्लक्ष करून ट्यूनरचा हिरवा दिवा बघत बसलात, तर संपूर्ण बारी बेसूर वाटेल आणि कारण कुणाच्या ध्यानात येणार नाही.

घरी हळू आवाजात सराव करताना आणखी एक घोटाळा होतो. लाकडावरून तारेचा मूळ सूर कानावर येतो आणि स्पीकरमधून सरकवलेला. दोन्ही एकमेकांत भांडतात. ‘गिटार दोन सुरांत वाजते’ ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. कान झाकणारे हेडफोन लावा, तक्रार मिटेल.

तारांची निवड आणि खारी हवा

अकूस्टिकचा आवाज हवा म्हणून ब्राँझच्या तारा चढवणं ही चूक आहे. पिझोवर त्या वाजतील, पण नंतरच्या व्हेरिअ‍ॅक्सवर असलेल्या चुंबकीय पिकअपला (साध्या इलेक्ट्रिक गिटारसारखं, तारांखालचं) त्या नीट पकडता येत नाहीत आणि तारातारांत आवाजाचा फरक पडतो. इलेक्ट्रिक गिटारच्या निकेल मुलामा दिलेल्या तारा घ्या. १० ते ४६ हा साधा संच पुरेसा आहे. जाडी बदललीत तर इंटोनेशन (वरच्या फ्रेटपर्यंत सूर बरोबर येणं) आणि तारांची उंची पुन्हा तपासावी लागते.

तारा फार खाली बसवू नका. चुंबकीय पिकअपवर फ्रेटची किरकिर थोडीफार खपून जाते. पिझो ब्रिजवरची प्रत्येक घरघर ऐकतो आणि अकूस्टिक मॉडेल ती साफ बाहेर काढतं.

मालवण, वेंगुर्ला, गुहागर अशा अगदी किनाऱ्यावरच्या गावांत साध्या तारा फार लवकर काळ्या पडतात. लेप दिलेल्या तारा महाग असल्या तरी इथे त्या परवडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसा. घामाइतकंच मीठ हवेतूनही बसतं.

पण गंज लागू नये म्हणून ब्रिजवर खोबरेल, मशीनचं तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे कधीच मारू नका. सॅडलच्या खालून सेन्सरच्या बारीक वायरी गेलेल्या असतात. तेल तिथे शिरतं, धूळ आणि मीठ धरून ठेवतं आणि संपर्क खराब करतं. रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश घ्या आणि खाचेतली घाण झाडून काढा. सॅडलचा स्क्रू गंजून अडकला असेल तर जोर लावू नका, जाणत्याकडे द्या.

पावसाळ्यात, जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे लाकूड ओल पिऊन फुगतं. मान किंचित हलते आणि तारांची उंची बदलते. जून संपताना एकदा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा मानेचा बाक पाहा. ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. आणि रात्रीच्या कार्यक्रमानंतर दमट गिटार लगेच केसमध्ये बंद करू नका. आधी पुसा, खोलीत थोडा वेळ उघडी ठेवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह आत ठेवा.

एक तार मेली, तर आधी काय बघाल?

मॉडेल बंद करून चुंबकीय पिकअपवर या आणि तीच तार वाजवा. तिथेही गप्प असेल तर बघायचं ते तार आणि पिकअपकडे. तिथे वाजते आणि मॉडेलवर येत नाही, तर दोष पिझोच्या बाजूला आहे. आता तीन-चार वेगळी मॉडेल लावून बघा. एकाच मॉडेलमध्ये आवाज कमी असेल, तर त्या मॉडेलमध्ये तारेची पातळी उतरवलेली आहे, आणि ती लाइन ६ च्या वर्कबेंच या सॉफ्टवेअरमध्ये वाढवता येते. सगळ्याच मॉडेलमध्ये मेली असेल, तर सॅडलवर नखाने हलकेच टकटक करा. बाकीच्या सॅडलवर ठक असा आवाज येतो आणि इथे येत नाही, म्हणजे सेन्सर किंवा त्याची वायर गेली. इथवर घरी कळतं. वायर जोडण्याचं काम मात्र बारीक सोल्डरिंग येणाऱ्याचं आहे.

जोडणीच्या चुका

अकूस्टिक मॉडेल गिटारच्या अ‍ॅम्पमधून वाजवलं की डब्यात बसून वाजवल्यासारखं येतं. मॉडेलचा त्यात दोष नाही. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर वरच्या, सुमारे ५ किलोहर्ट्झच्या पुढच्या आवाजाला दाबतो आणि अकूस्टिकची चमक तिथेच असते. साउंडवाल्याला सांगून अकूस्टिक, सितार, बँजो थेट पीएमध्ये (मंडपाच्या मुख्य साउंड सिस्टिममध्ये) द्या.

व्हेरिअ‍ॅक्सचं डिजिटल सॉकेट लॅनसारखं दिसतं, म्हणून ती केबल राउटरला किंवा लॅपटॉपच्या लॅन सॉकेटात घालू नका. त्या केबलमधून वीजही जाते. साध्या सरळ जोडणीच्या लॅन केबलवर काम भागतं, पण तिची प्लास्टिकची क्लिप मंचावर तुटते. कार्यक्रमाला कुलूप बसणारी मजबूत केबल न्या.

लाइन ६ च्या हिलिक्ससारख्या इफेक्ट युनिटला गिटार जोडल्यावर ‘बटण फिरवलं तरी आवाज आपोआप बदलतो’ किंवा ‘व्हॉल्यूम चालतच नाही’ असं होतं. बटणं गेलेली नसतात. युनिटच्या प्रीसेटमध्ये (साठवून ठेवलेल्या सेटिंगमध्ये) व्हेरिअ‍ॅक्सचं मॉडेल, ट्यूनिंग आणि नियंत्रणांचं लॉक साठवलेलं असतं आणि प्रीसेट बदलला की ते गिटारवर लादलं जातं. इनपुटच्या भागात जाऊन ते सोडवा.

गुणगुण येत असेल तर तीही वाटून बघा. फक्त चुंबकीय पिकअपवर असेल तर जवळचे अ‍ॅडॉप्टर, दिव्यांच्या माळा, डिमर यांच्यापासून लांब सरका. मॉडेलवरही असेल तर केबल आणि अर्थिंग तपासा. मंडपातल्या जनरेटरवर अर्थिंग नसणं हे आपल्याकडे सर्रास आहे. गुणगुण जाते म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकू नका. एका हाताने तार आणि ओठाने माइक, असा शॉक जीवावर बेतू शकतो. ओल्या मंडपात तर अजिबात नाही.

बॅटरी आणि अपडेट

गिटारमध्ये केबल खोचली की आतला प्रोसेसर चालू होतो. वाजवणं थांबलं, व्हॉल्यूम शून्यावर आणला, तरी बॅटरी उतरत राहते. जेम्स टायलर या नावाच्या व्हेरिअ‍ॅक्सची बॅटरी भरल्यावर साधारण १२ तास चालते. मध्यंतरात केबल काढली नाही तर आरतीच्या वेळेला ती संपते. तशी संपलीच तर चुंबकीय पिकअपवर या. त्या गिटारवर ते बॅटरीशिवाय चालतात.

बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जला लावू नका, बाहेर काढून टाका. गिटार पावसाळाभर पडून राहणार असेल तर बॅटरी अर्धवट भरून वेगळी, कोरड्या जागी ठेवा.

फर्मवेअर अपडेट करायचंच असेल तर बॅटरी पूर्ण भरून, लॅपटॉपही चार्ज करून आणि आभाळ मोकळं असलेल्या दिवशी करा. अपडेट मध्यावर असताना लाइट गेली आणि जोडणी तुटली तर गिटार अडकून बसू शकते. कार्यक्रमाच्या आठवड्यात अपडेट करू नका. चतुर्थीच्या आधी तर मुळीच नाही.