नवी बाईक, शहरातला ट्रॅफिक: आधी ब्रेक शिका, मग गॅप ठेवा

आरटीओच्या टेस्टमध्ये सगळं लक्ष आठच्या आकड्याकडे असतं. पाय न टेकता आकडा काढला की लायसन्स हातात. रस्त्यावर मात्र नवा चालक पडतो तो समोरची रिक्षा अचानक थांबल्यावर ब्रेक नीट न लागल्यामुळे. क्लच, गिअर, हाफ क्लचवर गाडी हळूहळू सरकवणं हे आठवडाभरात अंगवळणी पडतं. ब्रेकचं तसं होत नाही. रोजच्या चालवण्यात जोराचा ब्रेक क्वचितच लागतो आणि लागतो तेव्हा शिकायला वेळ नसतो. म्हणून तो आधीच शिकून घ्यावा लागतो.

पुढचा ब्रेक

सायकलपासून आपल्या डोक्यात एक भीती बसलेली असते, की पुढचा ब्रेक मारला तर माणूस तोंडावर पडतो. त्यामुळे बरेच जण वर्षानुवर्षं फक्त मागच्या ब्रेकवर गाडी थांबवतात. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचा शॉकअप दबतो, पुढचं टायर रस्त्याला घट्ट चिकटतं आणि मागचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक लगेच लॉक होऊन, म्हणजे फिरायचं थांबून, घसरायला लागतं. गाडी थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचं चाक करतं. पुढच्या ब्रेकने माणसं पडतात ती बहुतेक वेळा हँडल वळलेलं असताना, वाळूवर, किंवा लिव्हर एका झटक्यात आवळल्यामुळे.

सरावासाठी सपाट, कोरडी, डांबरी किंवा काँक्रीटची मोकळी जागा हवी; रविवारी सकाळी रिकामं असलेलं पार्किंग चालेल. मातीचं मैदान नको, तिथे पुढचं चाक चटकन लॉक होतं. जमिनीवर खडूने रेघ मारा. ताशी 20 किमी वेगाने या आणि पुढचं चाक रेघेवर आलं की थ्रॉटल सोडून दोन्ही ब्रेक सुरू करा. हँडल सरळ, नजर समोर दूर, गुडघे टाकीला दाबलेले. पुढची लिव्हर दोन टप्प्यांत दाबायची: आधी हलकी, शॉकअप दबल्याचं जाणवेपर्यंत, मग जोर वाढवत न्यायचा. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं, पण टप्पे दोनच. क्लच अगदी शेवटी, गाडी बंद पडायच्या बेतात असताना. आधीच क्लच दाबला तर इंजिनाचा ब्रेक, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिन गाडीला मागे धरतं तो, हातचा जातो.

गाडी कुठे थांबली तिथे खूण करा. एकदा फक्त मागच्या ब्रेकने थांबून बघा आणि दोन खुणांमधलं अंतर पावलांनी मोजा. ते अंतर डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या ब्रेकची भीती बरीच कमी होते. 20 वर हात बसला की 30, मग 40.

ब्रेक कोणता आहे तेही माहीत हवं. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर जोराच्या ब्रेकला लिव्हर थरथरते. ती बिघाडाची खूण समजून सोडू नका, दाबून ठेवा. 150-160 सीसीच्या अनेक गाड्यांना सिंगल चॅनल एबीएस असतो, म्हणजे तो फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक तरीही लॉक होऊ शकतं. 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना बहुधा सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा) असतो. त्यात मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, पण तेवढ्यावर भागत नाही, पुढची लिव्हर दाबावीच लागते. एबीएस नसेल आणि पुढचं चाक लॉक झालं, तर लिव्हर तात्काळ सोडून पुन्हा हळुवार दाबायची.

हेल्मेट विकत घेताना

भुवयांच्या वरून टेपने डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचं हेल्मेट मागा. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. नवं हेल्मेट सैल वाटत असेल तर दोन महिन्यांत ते डोक्यावर गरागरा फिरेल. पट्टा बांधा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील इतका. मग मागून हेल्मेटची खालची कड धरून वर-पुढे ओढायला दुसऱ्या कुणाला सांगा. निघून आलं तर माप मोठं आहे. आयएसआयच्या खुणेसोबत आयएस 4151 (हेल्मेटचं भारतीय मानक) हा आकडा असायला हवा. काच पारदर्शकच घ्या. काळी काच संध्याकाळी सातनंतर निरुपयोगी आणि चरे पडलेली काच समोरच्या दिव्यांनी पांढरी होते. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वापरायचं नाही. आतलं थर्माकोल एकदाच दबतं, तो मार परत झेलू शकत नाही, आणि बाहेरून ते दिसतही नाही.

पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पहिल्याच आपटीला उडून जातं. ते पोलिसांपुरतं.

दोन सेकंदांचा हिशेब

ताशी 40 किमी म्हणजे सेकंदाला 11 मीटर. समोरचं दिसून हात हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे 11 मीटर तसेच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी 10 मीटर. एकूण 21-22 मीटर, म्हणजेच 40 च्या वेगात बरोबर दोन सेकंदांचं अंतर. 60 वर हेच एकूण अंतर 40 मीटरच्या घरात जातं. वेग दीडपट, थांबायचं अंतर जवळपास दुप्पट.

मोजायची रीत सोपी आहे. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मनात 'एकशे एक, एकशे दोन' म्हणा. ते पूर्ण व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर अंतर कमी आहे. यावर हमखास येणारी तक्रार अशी, की गॅप ठेवला की कोणीतरी घुसतोच. घुसू द्या. थ्रॉटल जरा सोडून पुन्हा गॅप करा. एकेक घुसणारा तुमचे दोन सेकंद घेतो. ऑफिसला जाताना वीस जण घुसले तरी मिनिटभराचाही उशीर होत नाही.

लेनमध्ये उभं कुठे राहायचं, याचंही गणित आहे. रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला चिकटून चालवणं सुरक्षित वाटतं, पण तिथे वाळू असते, उभ्या कारची दारं उघडतात, आणि राँग साईडने येणारे त्याच कडेने येतात. डाव्या लेनमध्ये कारची उजवी चाकं जिथून जातात त्या पट्ट्यात राहा. मधोमध तेलाचा काळा पट्टा असतो, विशेषतः सिग्नलजवळ. पुढच्या ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही आहात. स्वतःचे आरसे असे लावा की कोपराची जेमतेम कड दिसेल. आरशाची काच फुगीर असते, मागची गाडी आहे त्याहून लांब दिसते; लेन बदलण्याआधी खांद्यावरून एक नजर टाकावीच लागते.

कोण काय करणार

इंडिकेटरवर विसंबू नका, चाकं बघा. गाडी कुठे जाणार हे इंडिकेटरच्या आधी पुढचं चाक सांगतं. रिक्षाला पुढे एकच चाक असतं आणि ती जागच्या जागी वळते, म्हणून तिच्या बाबतीत फुटपाथही बघायचा. फुटपाथवर कोणी हात वर केला की पुढची रिक्षा डावीकडे जाणार, मग तुम्ही मध्ये असा वा नसा. रिक्षावाला मान बाहेर काढून हळू चालवतोय म्हणजे तो भाडं शोधतोय. त्याच्या डावीकडून जायचं नाही.

उभ्या कारच्या रांगेपासून किमान सव्वा ते दीड मीटर लांब राहा. उघडलेलं दार साधारण तेवढी जागा खातं. ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसतंय, ब्रेकलाइट नुकताच विझलाय, किंवा कॅब आत्ताच थांबली आहे, असं दिसलं की दार उघडणार असंच धरून चाला.

बस, ट्रक, डंपर यांच्या डाव्या बाजूला कधीही थांबू नका, सिग्नलला तर नाहीच. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा पुढची चाकं लांबून फिरतात आणि मागची चाकं आतून कापत येतात. केबिन पुढे गेली, समोर जागा मोकळी दिसते आणि मग तीच जागा मागून बंद होत येते. ड्रायव्हरला डावीकडे खाली काही दिसत नाही. थांबलेल्या बसला डावीकडून पार केलं तर उतरणारे प्रवासी समोर, उजवीकडून केलं तर बसच्या पुढून धावत रस्ता ओलांडणारे. उजवीकडूनच जा, पण चालण्याच्या वेगाने आणि लिव्हरवर बोटं ठेवून.

सगळ्यात घातक प्रसंग चौकातला: तुम्ही सरळ जाताय आणि समोरून येणारी कार तुमच्या आडवी उजवीकडे वळते. तिचा ड्रायव्हर तुमच्याकडे बघत असतो, तरी वळतो. बाईक अरुंद असल्यामुळे ती किती वेगात येतेय याचा अंदाज त्याला लागत नाही. नजरानजर झाली म्हणजे त्याने पाहिलं, असं समजू नका. वळायच्या पवित्र्यातली कार दिसली की थ्रॉटल सोडा, ब्रेकवर बोटं घ्या आणि लेनमध्ये थोडे बाजूला सरका. सरळ येणाऱ्या दिव्यापेक्षा हलणारा दिवा लवकर लक्षात येतो. जमलं तर सरळ जाणाऱ्या एखाद्या कारच्या डाव्या अंगाला राहून चौक पार करा, धडक द्यायची झाली तर वळणारा आधी तिला देईल.

सिग्नल हिरवा झाल्यावर दोन सेकंद थांबा, पिवळ्यावर सुटलेले शेवटचे दोघे-तिघे जाऊ द्या. मागून हॉर्न वाजतील. वाजू द्या. लाल सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीच्या मधोमध मागे न थांबता जरा कडेला थांबा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि मागे एखादं वाहन येऊन थांबेपर्यंत आरशात बघत राहा.

पाऊस आणि रस्ता

जूनमधली पहिली सर सगळ्यात वाईट. महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर येते आणि अर्धा-एक तास रस्ता निसरडा राहतो. शक्य असेल तर तेवढा वेळ चहा प्या. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं, मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा, ओले पेव्हर ब्लॉक यांवरून गाडी सरळ उभी ठेवून, ब्रेक आणि जादा थ्रॉटल न देता जायचं. वळायचं असेल तर ते आधी किंवा नंतर. ओल्या रस्त्यावर दोन सेकंदांचे चार करा.

खड्डा चुकवता येत नसेल तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा आणि आत शिरताना सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना शॉकअप आधीच दबलेला असतो, मग धक्का रिमला आणि मनगटांना बसतो. फूटरेस्टवर जरा उठा. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, त्यामुळे पुढच्या गाडीचं चाक कुठून गेलं ते बघा. साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर चालत्या गाडीवर ब्रेक हलके दाबून वाळवा, विशेषतः ड्रम ब्रेक. रेनकोट पँट-शर्टचा घ्या. पोंचो फडफडतो आणि चेनमध्ये जातो.

शहराबाहेर, अंधार पडल्यावर

डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटचा, प्रकाश साधारण 30-40 मीटर पडतो. 50 च्या वेगात थांबायला 30 मीटर लागतात, 60 ला 40. म्हणजे रात्री डिपरवर 50 ही मर्यादा झाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे साखर हंगामात ही बाब फार महत्त्वाची: उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने भरलेला, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला. समोरून अप्पर लाइट आला की त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा. घाट उतरताना न्यूट्रल किंवा क्लच दाबून उतरू नका. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर ब्रेक तापून ढिले पडतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि वांद्रे-वरळी सी लिंक यांवर बाईकला बंदी आहे. मॅप लावताना दुचाकीचा पर्याय निवडला नाही तर तो तिथेच नेऊन सोडतो.

गाडी, आणि मागे बसणारं माणूस

आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा बघा. आकडे चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतात. बऱ्याच 125-150 सीसीच्या गाड्यांना पुढे 25 आणि मागे 29 पीएसआयच्या आसपास, डबल सीटला मागे त्याहून जास्त. चेन मधोमध वर-खाली 20 ते 30 मिमी हलली पाहिजे. ढिली चेन उतरून मागचं चाक लॉक करू शकते.

लर्निंग लायसन्सवर शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवता येत नाही. पक्कं आलं तरी पहिला महिना एकट्यानेच चालवलेलं बरं, कारण मागे 60 किलो बसले की हळू वेगात तोल बदलतो आणि थांबायला जास्त अंतर लागतं. बसवाल तेव्हा हेल्मेट दोघांनाही. साडी गार्ड काढून टाकायचा नाही, आणि निघण्याआधी मान वळवून स्वतः बघायचं: पदर, ओढणी, बॅगेचा पट्टा, काही चाकाकडे लोंबत नाही ना. साईड स्टँडही तेव्हाच बघून घ्या.