जुन्या फियाटचं स्टिअरिंग काढताय? या चुका टाळा

वडिलांच्या पद्मिनीचं स्टिअरिंग मी पहिल्यांदा काढलं, तेव्हा ते थेट माझ्या हनुवटीवर आदळलं. नट काढून डॅशबोर्डवर ठेवला होता, दोन्ही हातांनी रिम धरून मागे ओढत होतो, दहा मिनिटं काहीच हललं नाही आणि अकराव्या मिनिटाला सगळं एकदम सुटलं. दात वाचले, ओठ फाटला.

त्यामुळे पहिली चूक हीच सांगतो. नट पूर्ण काढायचा नाही. सैल करायचा, दोन-तीन आटे वर आणायचा आणि तिथेच ठेवायचा. स्टिअरिंगचं चाक सुटलं की ते नटाला अडेल, तुमच्या तोंडाला नाही. शाफ्टच्या टोकाचे आटेही त्या नटामुळे वाचतात.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून बाहेर पडलेली ही गाडी मुळात इटलीची फियाट 1100 डी. इथे 1964 पासून ‘डिलाइट’ म्हणून आली, 1970च्या दशकात पद्मिनी झाली, तरी आपल्याकडे तिला कोणी पद्मिनी म्हटलं नाही, फियाटच म्हटलं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता ज्यांच्या घरी ती उरली आहे, त्यांच्याकडे बहुतेक वेळा आजोबांची किंवा वडिलांची गाडी असते, आणि मिस्त्री मात्र तिशीतला, ज्याने स्टिअरिंगवरचा गिअर कधी टाकलेलाच नसतो. म्हणून बरीच कामं आपल्यालाच करावी लागतात.

झाकण उचकटण्याआधी

बॅटरीची तार काढल्याशिवाय हॉर्नच्या बटणाला हात लावू नका. जुन्या गाड्यांत बहुधा हॉर्नला करंट कायम पोचलेला असतो, बटण फक्त त्याची अर्थिंग पूर्ण करतं. स्टिअरिंगच्या मधलं हॉर्नचं झाकण काढताना ती तार कॉलमच्या लोखंडाला टेकली की सकाळी सातला अख्खी सोसायटी उठते. कुठली तार काढायची? जी बॉडीला जोडलेली आहे ती. फियाटमध्ये ती निगेटिव्ह असते, पण सुरुवातीच्या काळातल्या ॲम्बेसेडरमध्ये पॉझिटिव्ह बॉडीला असायची. तेव्हा रंग पाहू नका, तार कुठे जाते ते पाहा.

मग झाकण. स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटायची घाई सगळ्यांनाच होते आणि चाळीस वर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक तिथेच टवका देतं. झाकण तीन तऱ्हांनी बसवलेलं असू शकतं: नुसतं दाबून, फिरवून अडकवून, किंवा चाकाच्या मागच्या बाजूने स्क्रू लावून. आधी टॉर्च घेऊन चाकाच्या मागे डोकावा. मागे स्क्रू असताना पुढून उचकटणारे मी पाहिलेत, त्यांत एकदा मीही होतो. आत स्प्रिंग आणि पितळी पत्रे असतात; प्रत्येक थर निघाला की मोबाइलवर एक फोटो.

त्यानंतर खूण. सपाट रस्त्यावर गाडी वीस-तीस मीटर सरळ चालवा, स्टिअरिंगला हात न लावता तशीच उभी करा, मग शाफ्टच्या टोकावर आणि चाकाच्या मधल्या भागावर एका रेषेत पंचाचा बारीक ठिपका मारा. मार्कर चालणार नाही, तेलाने पुसला जातो. स्पोक सरळ दिसतात म्हणजे गाडीची पुढची चाकं सरळ आहेत असं धरून चालू नका. आधीच्या मिस्त्रीने स्टिअरिंग एक दात चुकवून बसवलेलं असू शकतं.

हातोडी

चाक शाफ्टच्या दात्यांवर बसलेलं असतं आणि इतक्या वर्षांच्या गंजाने ते तिथे घट्ट रुतून बसलेलं असतं. गॅरेजमधला ठरलेला उपाय म्हणजे एकाने खालून रिम ओढायची आणि दुसऱ्याने शाफ्टच्या टोकावर हाणायचं. याने तीन नुकसानं होतात. आटे चेपतात आणि नट परत बसत नाही. रिमला बारीक तडे जातात, जे आज दिसत नाहीत, पुढच्या मे महिन्यात दिसतात. तिसरं सगळ्यात महागाचं. अशा जुन्या गाड्यांत शाफ्ट बहुधा लांबलचक आणि सरळ असतो, खालच्या टोकाला स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांकडे नेणाऱ्या गिअरच्या डब्याचा) वर्म, म्हणजे मळसूत्री गिअर. वर मारलेला प्रत्येक घाव खालच्या बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो. चार हजारांचं चाक सोडवताना बॉक्स खिळखिळा करून घेणारे कमी नाहीत.

गंज सोडवणारं तेल संध्याकाळी दात्यांवर सोडा आणि झोपायला जा. सकाळी पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, लावा. पुलरचे पाय चाकाच्या मधल्या धातूच्या भागाला धरायला हवेत, स्पोकला नाही. मधला बोल्ट ताण येईपर्यंत आवळा, मग पुलरच्याच बोल्टच्या डोक्यावर हलकी टिचकी मारा. पुन्हा थोडं आवळा, थांबा. ‘टक्’ असा आवाज आला की सुटलं. ब्लोलॅम्प तर गॅरेजमध्येच राहू द्या, प्लास्टिक त्याला पुरून उरत नाही.

पुस्तक चुकलं की सगळं चुकलं

मॅन्युअलच्या बाबतीत लोक जास्त फसतात. ‘फियाटचं ओरिजिनल मॅन्युअल’ म्हणून पैसे मोजले जातात आणि हातात येतं मालकाचं पुस्तक: टायरमध्ये हवा किती, तेल कधी बदलायचं, काच कशी पुसायची. ते सुंदर असतं, जपून ठेवावं, पण त्यात स्टिअरिंग कसं काढायचं ते नसतं. ते असतं वर्कशॉप मॅन्युअलमध्ये. माझ्या मते त्याहून कामाचा असतो पार्ट्स कॅटलॉग. त्यात प्रत्येक भाग सुटा करून क्रमाने काढलेला असतो. झाकणाखाली स्प्रिंग आधी की वायसर, हे त्या एका चित्रात कळतं.

इटालियन 1100 डीचं पुस्तक पद्मिनीला यांत्रिक कामासाठी बरंच चालतं. मात्र त्यातली चित्रं डाव्या हाताच्या गाडीची असतात आणि वायरिंगवर विसंबू नका, विजेचे भाग इथे बदलले गेले. भाषेला घाबरू नका. ‘व्होलान्ते’ म्हणजे स्टिअरिंगचं चाक आणि ‘दादो’ म्हणजे नट, हे कळलं की अर्धं काम झालं. घट्टपणाचे आकडे तिथे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात. 5 लिहिलं असेल तर ते सुमारे 49 न्यूटन-मीटर किंवा 36 फूट-पाउंड. हे न बघता टॉर्क पाना फिरवणाऱ्याने आटे खाल्लेच म्हणून समजा.

तुमची पद्मिनी डिझेलवरची 137 डी असेल तर तिचं पुस्तक वेगळं. घेताना गाडीचं नाव नाही, साल आणि चासी नंबर जुळवा. झेरॉक्स प्रत असेल तर शेवटून चाळा. घडी घातलेले वायरिंगचे मोठे नकाशे झेरॉक्सवाला हमखास अर्धे कापतो.

शोधायचं कुठे? पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. कुर्ल्याचा सीएसटी रोड सुट्या भागांसाठी. मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या मंडळींत कोणाकडे तरी प्रत असतेच, मात्र विकत मागू नका, फोटो काढू देता का असं विचारा. मला माझा कॅटलॉग मिळाला तो बंद पडलेल्या गॅरेजच्या कपाटात. मालक काका म्हणाले, “ने बाबा, रद्दीत सहा रुपयांचं आहे.” मी पेढे नेऊन दिले.

परत बसवताना

ठिपके जुळवा, वायसर नवा टाका, नट आवळताना चाक हाताने धरा. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून त्या टोकाच्या आधाराने आवळलं तर सगळा जोर पुन्हा बॉक्सवरच. गिअरच्या दांड्याला धरून तर मुळीच नाही.

मग गल्लीत एक फेरी मारा. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हॉर्न वाजतो का, वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप परततो का, तेवढं बघा. स्पोक वाकडे दिसले तर? दाते 36 धरले तर एक दात म्हणजे 10 अंश, नजरेला लगेच टोचतं. इथे बरेच जण चाक पुन्हा काढायचा कंटाळा करतात आणि खालचे टाय रॉड (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्या) फिरवून स्पोक सरळ करून घेतात. दिसायला काम झालेलं असतं. पण स्टिअरिंग बॉक्सची पकड मधोमध सर्वांत घट्ट ठेवलेली असते. टाय रॉड असे फिरवले की सरळ जाताना बॉक्स मधल्या जागेवर नसतो, आणि हायवेवर गाडी इकडे-तिकडे भटकायला लागते. नट पुन्हा सैल करा, दोन आट्यांवर ठेवा, पुलर लावा.