मुलाला आत्मविश्वास हवा? आधी रात्रीचं जेवण लवकर वाढा

इंदुरात वर्षानुवर्षं पी.टी. शिकवली. पालक यायचे, म्हणायचे, "सर, याला कॉन्फिडन्सच नाही हो. स्टेजवर पाठवा." मी विचारायचो, काल किती वाजता झोपला? आई बाबांकडे बघायची, बाबा आईकडे.

तर हिशोब सकाळपासून उलटा मांडा. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला रोज 9 ते 12 तास झोप लागते, 13 ते 18 च्या मुलाला 8 ते 10. शाळेची बस पावणेसातला येत असेल तर सहाला उठणं आलं. म्हणजे सहावीतलं पोर नऊला झोपलेलं हवं आणि ताट साडेसातला वाढलेलं. इथेच सगळं अडतं. बाबा दुकान वाढवून येणार साडेनऊला, मग एकत्र जेवण, मग टीव्ही. त्यात आपला सराफा, म्हणजे खाण्याच्या गाड्यांचा बाजार, रंगतो तोच रात्री! मुलाला आधी वाढा. बाबांशी गप्पा सकाळी बस येईपर्यंत होऊ द्या. भुट्ट्याचा कीस खायला जा की, पण सुट्टीच्या आदल्या रात्री. झोपेची वेळ एकदम मागे ओढू नका, दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं पुरे. सगळ्यांचे मोबाइल रात्री बैठकीत चार्जिंगला, आई-बाबांचेही. नववीतल्या मुलाला नऊला झोप आली नाही तर आळशी म्हणू नका. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं.

अर्धवट झोपलेलं पोर वर्गात चुकतं, बोलणी खातं आणि "मला काही येतच नाही" असं ठरवून मोकळं होतं. पण उलटंही घडतं. आधीच खचलेलं मूल रात्री मोबाइलमध्ये तोंड खुपसतं. म्हणून तो हिसकावण्याआधी शाळेत काय चाललंय ते विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही.

नाश्त्याचं फार डोकं खाऊ नका. पोहे चांगलेच, वर दाणे, मोड आलेले मूग. जलेबी रविवारी.

खेळ मात्र सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी 60 मिनिटं सांगते. ती तुकड्या-तुकड्यांतही चालतात. संघ निवडताना नेहमी शेवटी उरणारं मूल मैदान टाळायला लागतं. त्याला क्रिकेटच्या कोचिंगला ढकलू नका. पोहणं, सायकल किंवा मल्लखांब बघा. मल्लखांब 2013 पासून आपल्या मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे. काल पकड सुटत होती, आज टिकली, हे मुलाला स्वतःलाच कळतं. कुणी शाब्बास म्हणायची वाट बघावी लागत नाही. घरी आल्यावर "आज काय नवीन जमलं?" एवढंच विचारा. आणि "जाड्या" हा शब्द लाडानेही नको. वजनासाठी पळायला लावलेलं मूल मी पुढे कधी हौसेनं पळताना पाहिलं नाही.

दप्तर त्याचं त्याला भरू द्या. वही राहिली तर स्कूटरवरून शाळेत पोचवायला धावू नका.

एवढं करूनही दोन आठवडे मूल गप्प-गप्प असेल, खाणं-खेळणं सुटलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला दाखवा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो. स्वतःला इजा करण्याची भाषा निघाली तर मात्र दोन आठवडे कसले, त्याच दिवशी मदत घ्या आणि मुलाला एकटं सोडू नका.