आगमनकाळात देवाचे मार्गदर्शन मागताना

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे तयारीचे चार आठवडे. त्याचा पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरला, संत आंद्रेयाच्या सणाला, सर्वांत जवळचा रविवार. २०२६ साली तो २९ नोव्हेंबरला येतो. नाताळपर्यंत हाती २२ ते २८ दिवस असतात, म्हणून देवापुढे ठेवायचा प्रश्न एकच घ्या. पहिल्या रविवारी तो वहीत एका वाक्यात लिहा: ‘बाबांना गावाहून आमच्याकडे आणायचे का?’ ‘घराचे भले कर’ असे मोघम लिहिले, तर उत्तर आले तरी ओळखू येत नाही.

रोज १५ मिनिटे पुरतात. मोबाइल दुसऱ्या खोलीत. बायबलचा त्या आठवड्याचा उतारा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग पाच मिनिटे गप्प बसा. शेवटी वहीत दोनच ओळी: कोणत्या शब्दापाशी अडखळलो, आणि उद्या काय करता येईल.

पहिल्या आठवड्यात स्तोत्र २५. दुसऱ्यात लूक १:५–३८. योहानाचा होणारा बाप जखऱ्या आणि येशूची होणारी आई मरिया दोघेही देवदूताला प्रश्न विचारतात, पण विश्वास न ठेवल्याने जखऱ्याची वाचा जाते, मरियेला समजावून सांगितले जाते. विचारण्याला बंदी नाही, एवढे इथे पक्के करून घ्या.

तिसरा आठवडा मरियेच्या नवऱ्याचा, योसेफाचा: मत्तय १:१८–२५ आणि २:१३–२३. याला सवड द्या. योसेफाला चार वेळा स्वप्नात सूचना मिळते, आणि दर वेळी पुढचे एकच पाऊल. मिसरला जा, मी सांगेपर्यंत तिथेच राहा. किती वर्षे, ते सांगितलेले नाही. परतताना यहूदियात हेरोद राजाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो हे ऐकून तो घाबरतो, मग सूचना मिळते आणि तो गालीलात जातो. म्हणजे कानावर आलेली बातमी आणि वाटलेली भीती यांनाही मार्गदर्शनात जागा आहे. डॉक्टरांचे मत, बँकेतली शिल्लक, बायकोचे म्हणणे वहीत उतरवा. ते अविश्वासाचे लक्षण नव्हे.

चौथा आठवडा बहुधा अपुराच असतो, त्यात करंज्या आणि पाहुणे. नवे वाचन नको. वहीच पुन्हा वाचा.

घरी आगमनचक्र, म्हणजे हिरव्या पाल्याच्या कड्यात चार मेणबत्त्या, लावत असाल, तर तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी मेणबत्ती लागते. पहिली चारही आठवडे जळते, रोज १५ मिनिटे धरली तरी सहा-सात तास. बारीक मेणबत्ती तेवढी टिकत नाही; जाड घ्या आणि ताटात ओली वाळू भरून रोवा. सुरूचा पाला वाळला की लगेच पेट घेतो, म्हणून दर रविवारी बदला. पंखा बंद ठेवा.

सर्वांत जास्त फसगत होते ती डोळे मिटून बायबल उघडण्यात. बोट पडेल ते वचन मनातल्या इच्छेला हवे तसे वाकवता येते. दुसरी चूक म्हणजे प्रश्न एखाद्या अर्जाचा असताना फॉर्मची शेवटची तारीख टळून जाईपर्यंत देवाच्या खुणेची वाट पाहणे. मुदत डिसेंबरात असेल, तर तिच्या आठ दिवस आधी फादरांशी किंवा पाळकांशी बोला आणि फॉर्म भरा.

२४ डिसेंबरलाही उत्तर नसेल, तर शेवटचे स्पष्ट दिसलेले पाऊल वहीत लिहा आणि पुढची तारीख घाला: ६ जानेवारी, प्रभुप्रकटीकरणाचा सण.