मुलाखत कोण घेतंय ते आधी विचारा: देवगड-रत्नागिरीकडून परदेशी शिकायला येणाऱ्यांसाठी

"ताई, मुलाखतीत काय विचारतात?" असा फोन दर हिवाळ्यात आपल्याकडून येतो. मी उलट विचारते, मुलाखत कोण घेतंय? विद्यापीठ, तिथला माजी विद्यार्थी की व्हिसावाले? तिघांना तुमच्याबद्दल वेगवेगळं जाणून घ्यायचं असतं, आणि पुण्या-कोल्हापूरच्या क्लासमध्ये मात्र तिन्हींसाठी एकच पाठांतर मिळतं.

आधी एक दिलासा. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं पदवीच्या बहुतेक विषयांसाठी मुलाखत घेतच नाहीत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज घेतात, मेडिकलला तर जवळजवळ सगळीकडे असते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जावा लागतो, म्हणजे परतीचा पाऊस सरायच्या आत. अर्जापूर्वी हेही बघा की ते विद्यापीठ आपल्या राज्य मंडळाची बारावी धरतं का. सगळी धरत नाहीत. कोकण बोर्ड निकालात राज्यात पहिलं येतं, याने तिथे फरक पडत नाही.

ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाखती डिसेंबरमध्ये होतात, आणि आपल्याकडच्या मुलांच्या आता ऑनलाइनच. समोर तोच विषय शिकवणारे प्राध्यापक असतात. ते एखादं गणित, आलेख किंवा उतारा समोर ठेवतात आणि तुम्ही त्याच्याशी कसे झगडता ते बघतात. तुम्हाला पुढे शिकवणं कसं असेल, हे त्यांना पाहायचं असतं. उत्तर लगेच आलंच पाहिजे असं नाही, पण डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोलावं लागतं. आपली मुलं नेमकी इथे अडतात. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड उघडायचं नाही आणि खात्री असल्याशिवाय बोलायचं नाही, या वळणात वाढलेलं मूल स्क्रीनसमोर गप्प बसतं. घरी ती शिस्त असू दे, इथे मात्र "मला असं वाटतंय, पण इथे अडतंय" म्हणायचं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, त्याचं कोणालाच वाईट वाटत नाही.

तयारीला आपलं अंगण पुरतं. जीवशास्त्राला अर्ज करणारी देवगडची मुलगी क्लासने दिलेलं कर्करोगावरचं भाषण पाठ करते, आणि बापाच्या बागेतला साका विसरते! फळ बाहेरून निर्दोष, कापलं की आत पांढुरका, आंबूस गर. हापूसला हे होतं, पण दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना' जातीला होत नाही. का? जमिनीच्या उष्णतेचा संबंध असेल तर तो तपासणार कसा? काही कलमांखाली पाल्याचं आच्छादन घालीन, काहींखाली नाही, आणि दोन्हीकडची फळं कापून मोजीन, एवढं जरी ती बोलली तरी गप्पा रंगतील. भूगोलवाल्याला कातळसडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार आहे, अर्थशास्त्रवाल्याला पर्ससीन जाळीवाल्या मोठ्या बोटी आणि छोट्या मच्छीमारांचं भांडण आहे. (मुर्डीचे परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले, झाले, हे आजोबा आठवणीने सांगायला लावतील. त्याचे गुण नाहीत.)

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी माजी विद्यार्थी गप्पा मारतो. ही मुलाखत सैलसर असते. ती मिळाली नाही म्हणून अर्ज मागे पडत नाही, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसवर तर पदवीच्या पहिल्या वर्षासाठी ती नसतेच. वेळ मात्र नीट लावा. डिसेंबरमध्ये बॉस्टनचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेपाच. लंडन साडेपाच तास मागे असतं.

त्या दिवशी नेट आणि इन्व्हर्टर भरवशाचा असलेल्या नातेवाइकांकडे जा, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडीला ठेवा. सिंधुदुर्गात तेव्हा जत्रांचा हंगाम असतो, गावच्या जत्रेची तारीख आधी बघून घ्या. आणि मामाला खोलीबाहेर बसवा. शेजारी बसून खुणा करणारा मामा समोरच्यांना दिसतो.

व्हिसाच्या मुलाखतीत साका नको. तिथे आकडे आणि कारणं हवीत: हाच कोर्स का, त्यात काय शिकणार, फी किती, पैसे कोण देणार, राहणार कुठे. ब्रिटनला येताना बरीच विद्यापीठं प्रवेशाचं पक्कं पत्र देण्याआधी असे प्रश्न व्हिडिओवर विचारतात. अमेरिकेसाठी मुंबईत बीकेसीला त्यांच्या वाणिज्य दूतावासात जावं लागतं आणि काही मिनिटांत निकाल लागतो. शिक्षण झाल्यावर परत जाणार याबद्दल तिथल्या अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते, म्हणून घर, बाग, पुढचा बेत हे सरळ सांगा.

"वडील काय करतात?" याला "शेती" म्हणून थांबू नका. हापूसची कलमं किती, पेट्या वाशीला जातात की थेट गिऱ्हाइकाला, हंगामात साधारण किती येतात, तेही सांगा. ब्रिटनच्या व्हिसाला दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. आंब्याचे पैसे एप्रिल-मेमध्ये येतात आणि जूनपर्यंत घराची शाकारणी, खतं, मजुरी यात जातात, तेव्हा ती रक्कम वेगळी काढून ठेवायला बाबांना हंगामाआधीच सांगा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र मुलाखतीपूर्वी हातात घ्या, आणि त्यातली रक्कम तुम्हाला न बघता सांगता आली पाहिजे.

ऑक्सफर्ड-केंब्रिजचा निकाल जानेवारीत कळतो. ऑफर बहुतेक वेळा बारावीच्या मार्कांवर बांधलेली असते, त्यामुळे मुलाखत संपली की दुसऱ्या दिवशी पूर्वपरीक्षेचा अभ्यास सुरू करा.