वार्षिकांक प्रेसला देण्याआधी

स्नेहसंमेलनाचा मांडव उतरला की स्टाफरूममध्ये वार्षिकांकाची आठवण होते. दहावीच्या निरोप समारंभाला अंक मुलांच्या हातात पडलाच पाहिजे, असं कोणीतरी ठरवून टाकतं. हाताशी उरतात तीन-चार आठवडे. चित्रकलेचा शिक्षक म्हणून हे काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात होतं. फाइल प्रेसला देण्याआधी मी एकच गोष्ट बघायचो: तिथल्या ऑपरेटरला त्यात काहीही दुरुस्त करावं लागू नये. तो कामात तरबेज असतो, पण सातवी ‘ब’मधली मुलं काही त्याच्या ओळखीची नसतात.

म्हणून संगणक उघडण्याआधी प्रेसमध्ये एक चक्कर मारा. अंकाचा आकार, कागद, बांधणी आणि फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) किती पानांचा, हे तिथेच विचारून लिहून घ्या. मधे पिन मारायची असेल तर एकूण पानं चारच्या पटीत लागतात. ४६ पानांचा अंक होत नाही, ४४ करा किंवा ४८. रंगीत पानं थोडीच असतील तर ती एकाच फर्म्यात बसवा, नाहीतर चार रंगीत पानांसाठी चार फर्मे रंगीत छापायची वेळ येते. कोरे कागद दुमडून, त्यांवर पानांचे आकडे टाकून एक डमी करा आणि कोणत्या पानावर काय येणार ते पेन्सिलीने लिहा. मुख्याध्यापकांचं मनोगत सगळ्यांत शेवटी येतं, म्हणून त्याचं पान सुरुवातीलाच राखून ठेवा.

आता मजकूर. कोणी हाताने लिहून देतं, कोणी व्हॉट्सॲपवर पाठवतं, तर एखाद्या ज्येष्ठ बाई जुन्या फाँटमधली फाइल देतात. जुन्या फाँटमधला मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला की ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि अर्धा ‘र’ आधी तपासायचे. एका वर्षी सहलीच्या वृत्तांतात आमच्या आचाऱ्यांचे आभार मानले होते. कन्व्हर्टरने ते ‘आचार्यांचे’ केले. शब्द शुद्धच, त्यामुळे तिन्ही वाचनांतून सुटला आणि भात शिजवणारे थेट गुरुकुलात गेले. पानं जुळवायला इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी त्यातली सोय) निवडलेला आहे ना ते पाहा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलत्या जागी बसतात. मी एका कोऱ्या पानावर राष्ट्रध्वज, उज्ज्वल, वाङ्मय, सुट्ट्या, दुसऱ्या, ॲथलेटिक्स एवढे शब्द टाकून, पीडीएफ करून छापून बघतो. हे नीट आले की बाकीचं बहुतेक नीट येतं.

नावांना मात्र कुठलीच युक्ती नाही. एक्सेलमधली इंग्रजी यादी मराठीत उतरवू नका. त्यात सानिकाची सानीका होते आणि ऋतुजाचं काय होईल ते सांगता येत नाही. जनरल रजिस्टरवरून नावं घ्या, वर्गाचं पान छापा, वर्गात फिरवा आणि प्रत्येकाला आपल्या नावापुढे सही करायला सांगा. ग्रुप फोटोखाली ‘डावीकडून’ लिहिताना फोटो आरशासारखा उलटलेला नाही ना, ते शर्टाच्या खिशावरून ओळखता येतं. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची नावं खाली वेगळी द्या. लेखाला टायपिंगची चूक खपते, पण स्वतःचं चुकलेलं नाव मूल पंचवीस वर्षांनी भेटलं तरी काढून दाखवतं.

फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, हवेत. ए-४ पानभर फोटो म्हणजे साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. तो आठ-दहा सेंटिमीटरला चालेल, पानभर ताणलात की चेहरे पिठासारखे दिसतात. फोटोग्राफरकडून पेनड्राइव्हवरच घ्या; व्हॉट्सॲपशिवाय इलाज नसेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटोशॉपमध्ये डीपीआयचा आकडा नुसता वाढवून फोटोतला तपशील वाढत नाही, हे दरवर्षी कोणाला तरी सांगावं लागतं.

रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांमध्ये, बदलून मग पुन्हा बघा, कारण स्क्रीनवरचा झगझगीत केशरी आणि पोपटी कागदावर उतरत नाही. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा, म्हणजे १०० टक्के के असावा. वर्डमधून आलेला काळा कधी कधी चार रंगांत विभागला जातो आणि प्लेट केसभर सरकली तरी काना-मात्रांना रंगीत सावली पडते. गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं टाळा, शाई पसरून शिरोरेषा बुजते.

मुखपृष्ठ वेगळी फाइल. परफेक्ट बाइंडिंग (पानं पाठीला गोंदाने चिकटवून केलेली बांधणी) असेल तर पाठीची जाडी धरावी लागते. ९६ पानं म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले ४८ कागद. १३० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १३० ग्रॅम) गुळगुळीत आर्ट पेपर साधारण ०.१ मिलिमीटर जाड, म्हणजे पाठ पाच मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा प्रेसकडूनच घ्या. अंकाचं नाव फोटोशॉपच्या चित्रात विरघळवू नका, कडा धूसर येतात. ते कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये टाकून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करा, आणि कर्व्ह न केलेली प्रत जपून ठेवा. जाहिरातदार व्हिजिटिंग कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतात. तो तसाच लावण्यापेक्षा मजकूर नव्याने जुळवा आणि फोन नंबर फोन लावूनच तपासा.

पीडीएफ करताना चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना निघून जाणारी जास्तीची कड) द्या, म्हणजे ए-४ पान २१६ बाय ३०३ होतं. मजकूर कापायच्या कडेपासून किमान १० मिलिमीटर आत, शिवणीच्या बाजूला आणखी थोडा. पानं एकेक, क्रमाने. जोडपानं करून देऊ नका, फर्मा लावणं प्रेसचं काम आहे. फाँट फाइलमध्ये एम्बेड झालेत का, ते ॲक्रोबॅटच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं. फाइलच्या नावात तारीख घाला. ‘फायनल’, ‘नवी फायनल’ आणि ‘हीच घ्या’ अशा तीन फाइली पेनड्राइव्हवर गेल्या की ऑपरेटर नेमकी मधली उचलतो.

प्रूफ आलं की नमुना प्रत प्रेसमध्ये उभ्याउभ्या बघू नका. शाळेत आणा, दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या आणि तुम्ही फक्त पानांचे आकडे, फोटोंखालची नावं आणि अनुक्रमणिका बघा. दुरुस्ती निघाली तर प्रेसला तोंडी सांगू नका. मूळ फाइलमध्ये करा, नवी पीडीएफ द्या आणि जुनी त्यांच्या संगणकावरून समोर पुसून घ्या. सही त्यानंतर, प्रतींचा आकडा अक्षरांत लिहून.